इंजिन घराबाहेर

होळी पेटून गेली की रोज दुपारी एक वाजता बारकूतात्यांच्या मधल्या खोलीतून एक गाडी सुटते. तिला चाकं नाहीत. ती कुठेही जात नाही. साडेतीनला ती जिथून सुटली तिथेच पोचते आणि माणसं ओसरीवर चपला शोधत उतरतात. गाडी म्हणजे स्लॅबची एक खोली, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा, मधून जायला वाट, दाराशी दोरी बांधलेली पितळी घंटी आणि समोरच्या भिंतीवर एक पांढरा, लांबट एसी.

मी पत्रकं लिहिते, हे आधीच सांगितलेलं बरं. शेणव्याच्या आसपासच्या गावांत पाणी, वीज, रेशन यांवरून जी काही आरडाओरड होते, तिच्यातली बरीच माझ्या हातून छापून निघते. तानसा धरण उशाशी असताना आमच्या बायकांनी टँकरमागे का धावावं, हा प्रश्न मी इतक्यांदा विचारलाय की छापखान्यात तो जुळवूनच ठेवलेला असतो. त्या वर्षी उन्हाळ्यात गावात वोल्टेज एवढं पडलं की फिरत्या पंख्याची पाती मोजता यायची. गावात एसी एकच होता. मला गुन्हेगार सापडला. 'एकाच्या गारव्यासाठी गाव घामाघूम' असा मथळा लिहून मी तात्यांच्या घरी गेले. एक वाजून गेला होता. दार वाजवलं.

"गाडी सुटली," आतून आवाज आला. "उद्या या. टायमावर या."

मला आजवर कचेऱ्यांनी ताटकळत ठेवलंय, पुढाऱ्यांनी टाळलंय. पण जागच्या जागी उभी असलेली खोली मला न घेता निघून गेली, हा अनुभव नवा होता.

दुसऱ्या दिवशी मी पाऊण वाजताच गेले. तात्या ओसरीवर उभे राहून गिऱ्हाईक गोळा केल्यासारखे ओरडत होते, "चला शेणवा, डोळखांब, मुरबाड. बसून घ्या. बसून घ्या." बारकू हे नाव ठेवणाऱ्या आत्याबाईला आज शोधून विचारावंसं वाटतं, कारण तात्या दारात उभे राहिले की दार संपतं. खाकी पँट अजून तीच, एसटीच्या नोकरीतली. शर्टाच्या खिशात पेन असावं तसा रिमोट.

"तू काल उशिरा आलेली ती का गो? पत्रकवाली? बस. खिडकीजवळ नको बसू, खिडकी बंद हाय, उगाच वाईट वाटंल."

गोदाआजी या गाडीच्या कंडक्टर. वय झालेलं, दात गेलेले, पण नजर शाबूत. सगळे बसले की त्या दोरी दोनदा ओढतात. डबल बेल झाल्याशिवाय तात्या रिमोटला हात लावत नाहीत. डबल बेल झाल्यावर दार उघडायला देत नाहीत. "दार उघडलं की थंडी उतरते," ते म्हणतात, "आणि ती बिनतिकिटाची असती, परत चढत नाय."

पण मला सगळ्यात विचित्र वाटली ती त्यांची स्वतःची खुर्ची. एसीखाली, सगळ्यांच्या पुढे, डायव्हरच्या जागी. फक्त तोंड मागे केलेलं, प्रवाशांकडे.

"तात्या, डायव्हर असा उलटा बसतो का?"

"समोर भिंत हाय," तात्या म्हणाले. "भिंतीत काय बघायचं?"

आता हा एसी आला कसा, ते सांगते. जुन्या एसटीचं इंजिन डायव्हरच्या डाव्या मांडीला खेटून असायचं. वर पत्र्याचं झाकण, झाकणावर गोधडी, गोधडीवर कुणाची तरी कोंबड्यांची पाटी. तात्यांची सगळी नोकरी मुरबाडच्या आगारात, त्या झाकणाशेजारी गेली. माळशेजचा घाट चढताना एक मांडी भाजून निघायची. "उजवा पाय माणसाचा," ते सांगतात, "डावा तव्यावरचा." त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, निवृत्तीच्या थोड्या आधी वारल्या. मुलगा भिवंडीला गोडाऊनमध्ये, तिथेच बिऱ्हाड. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, तात्या शहापूरच्या बाजारात एसी बघायला गेले.

दुकानदाराने आधी खिडकीत बसणारा डबा दाखवला. तात्यांनी कान लावला आणि म्हणाले, "ह्याचं इंजिन खोलीतच हाय. म्हंजे परत तेच. बंद कर." मग त्याने भिंतीवरचा दाखवला. तात्यांनी पुन्हा कान लावला. काही ऐकू येईना.

"चालू हाय का रे?"

"चालू आहे काका."

"मंग इंजिन?"

"ते बाहेर असतं. घराच्या बाहेर."

तात्या तिथल्या स्टुलावर बसले. दुकानदाराला वाटलं ऊन लागलं, त्याने पाणी आणवलं. "ज्या माणसानं इंजिन बाहेर ठेवायचं डोकं लढवलं," तात्या आजही सांगतात, "त्याचे पाय धुवून पाणी प्यावं. आमच्या टायमाला कुठं होता हा माणूस?"

मी त्या दिवशी पत्रक पिशवीतून काढणार तेवढ्यात त्यांचं भाषण सुरू झालं. मी सभा पुष्कळ ऐकल्यात, पण बसलेल्या माणसाने एका यंत्राची अशी आरती केलेली ऐकली नव्हती. मुलाने त्यांना एकदा मोठ्या मॉलमध्ये नेलं होतं. तिथे छतातून पत्र्याचे भलेमोठे चौकोनी नळ गेलेले.

"डक्ट म्हणतात त्याला," मी म्हटलं.

"कसाऱ्याचा बोगदा म्हण. एका ठिकाणी थंडी बनवाची आणि बोगद्यातून सगळीकडं फिरवाची. अर्धी वाटेतच उतरते. बोगद्यात धूळ, धुळीत उंदीर, तोच वारा तोंडावर. आणि एवढा बोगदा आपल्या घरात घालायचा तर घर पाडा आधी. आपली बिनबोगद्याची. भिंतीला मुठीएवढं भोक, दोन डबे, मधी तांब्याची नळी. मिस्त्री सकाळी आला, दुपारी गाडी सुटली. पुढची जाळी मी स्वता काढतो, नळाखाली धुतो. त्यातनं पाणी ठिबकतं ते कढीपत्त्याला जातं. आणि एक्सलेटर स्वताच संभाळतो, गार झालं की हळू चालतो, वीज कमी खातो."

"सगळ्या घराला नाही पुरत पण," मी आपलं वाद म्हणून म्हटलं.

"सगळ्या घराला कशाला? ज्या खोलीत माणसं, त्याच खोलीत गाडी. रिकामी गाडी पळवायची नाय. हा डायवरचा शब्द हाय."

सव्वीसच्या खाली ते जात नाहीत. कुणी वीस मागितलं तर म्हणतात, "महाबळेश्वरची गाडी पलीकडच्या फलाटावर." यात मजा अशी की त्या खोलीत थंडीपेक्षा बोलण्याचाच सुकाळ. यंत्राचा आवाज नाही, त्यामुळे कुजबुजसुद्धा पुढच्या रांगेपर्यंत पोचते. कुणाच्या मुलीला बघायला येणार, कुणाच्या भाताला यंदा पाणी मिळालं नाही, कुणी कुणाच्या बांधावर कुदळ मारली, सगळं तिथे कळायचं. तात्या मधे फारसं बोलत नाहीत. हात मांडीवर ठेवून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात, जसा कुणी दशावतार बघावा. गोदाआजींनी विचारलं, "तात्या, तुमी का गप?" तर म्हणाले, "मी गाडी चालवतोय. तुमी बोला."

शेवटी मी मथळा वाचून दाखवला. सगळे माझ्याकडे बघू लागले. तात्यांनी पत्रक हातात घेतलं, लांब धरलं, वाचलं.

"मथळा जोरात हाय," ते म्हणाले. "पण अर्धा. वोल्टेज पडलं की माझी गाडीबी चढावर दम टाकते. ट्रान्सफॉर्मर जुना हाय, गाव मोठा झाला. तू दुसरं पत्रक काढ. पयली सही माझी."

आणि काढलं. सही त्यांचीच पहिली. मोर्चाला ते पुढे होते, खाकी पँट घालून, आणि घोषणा द्यायची वेळ आली की "चला, पुढं सरका, पुढं सरका" एवढंच ओरडायचे. खूप खेटे झाले, निवेदनं झाली, एकदा आम्ही तात्यांच्या खुर्च्या उचलून वीज कचेरीसमोर मांडल्या आणि तिथून गाडी सोडली, उन्हात. अखेर पावसाळ्याआधी नवा ट्रान्सफॉर्मर आला. तात्यांनी त्याला नारळ फोडला आणि पेढे वाटले. मी विजयाचं पत्रक काढलं.

त्यात एक गोष्ट मी लिहिली नव्हती, कारण मला ती सुचलीच नव्हती. वोल्टेज सगळ्यांना मिळालं की एसीही सगळ्यांना चालणार होता.

पुढच्या उन्हाळ्यात सुरुवात झाली. हायवेवरच्या कंपन्यांत पोरं लागलेली, कुणाला हप्त्यावर मिळाला. प्रत्येक जण आधी तात्यांकडे आला. आणि या माणसाने काय करावं? नको म्हणाला असता, थांब म्हणाला असता, कोण विचारणार होतं? ते उठून ज्याच्या त्याच्या घरी जायचे, भिंतीवर थाप मारून बघायचे, बाहेरचं यंत्र सावलीत पण मोकळ्या वाऱ्यात बसवा म्हणून भांडायचे, गरम हवा शेजारच्या खिडकीत जाते का ते स्वतः त्या खिडकीत उभे राहून बघायचे. प्रत्येक घरी यंत्र चालू झालं की त्यांच्या गाडीतल्या दोन-तीन खुर्च्या रिकाम्या व्हायच्या. ज्यांच्याकडे एसी येणं शक्य नव्हतं ते तर आधीही येत नव्हते. ज्यांना ऊन सगळ्यात जास्त लागतं त्यांची दुपार त्यांची नसते, आणि यावर मी वेगळं पत्रक काढलेलं आहे.

दुसरी रांग उठली. मग पहिलीही अर्धी. राहिल्या गोदाआजी, त्यांची नातसून आणि तिचं तान्हं, ज्याला तात्या अर्धं तिकीट म्हणायचे.

मी त्या दुपारी गाडीत होते. गोदाआजी दोरीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "तात्या, आमचा नातू निलेश इचारतो, घ्यावा का? पोराला घामोळं उठलंय. तुमी नको बोललात तर नको. आमी हितंच येऊ."

एका 'नको'त उरलेले प्रवासी गाडीत राहिले असते. तात्यांनी बाळाकडे पाहिलं. ते आईच्या मांडीवर मूठ उघडी टाकून झोपलं होतं.

"रातचं झोपतं का?"

"कसली झोप, बाबा. रातभर किरकिर."

"मंग घ्या," तात्या म्हणाले. "दुपारची गाडी माझी हाय, रातची कुठं हाय? पण सत्तावीसवर ठेवाचा. वारा पोराच्या अंगावर नाय, वरनं गेला पायजे. आणि बसवायला मी येतो, मिस्त्रीच्या भरोशावर नाय."

गेलेही. सकाळभर त्या घरी उभे राहिले. बाळ नसेल तिथे वारा वळतो की नाही ते बघायला स्वतः त्याच्या गादीवर आडवे झाले. तेवढी एक गोष्ट गाव अजून हसून सांगतं, आणि मीही हसले होते.

त्यानंतर बरेच दिवस माझं तिकडे जाणं झालं नाही. मग एकदा शेणव्याहून परतताना एकच्या सुमाराला त्यांच्या ओसरीवरून चालले होते. चपलांचा एकच जोड होता, त्यांचा. दार लोटलेलं. आतून घंटी वाजली, एकदा आणि पुन्हा एकदा. मी दार ढकललं.

खुर्च्या जशाच्या तशा मांडलेल्या. सगळ्या पुसलेल्या. तात्या दोरी सोडून आपल्या खुर्चीकडे चालले होते. एसी चालू होता.

"गाडी सुटली," ते सवयीने म्हणाले. मग मला बघून थांबले.

"तात्या, रिकामी गाडी पळवायची नाही ना?"

ते खुर्चीवर बसले. रिमोट खिशात टाकला, काढला, पुन्हा टाकला.

"डायवरच्या डोक्यावर पाटी असती, वाचलीस कवा? गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. सगळी नोकरी त्या पाटीखाली गेली गो. मागं लोकं हसायची, लग्नं जुळवायची, भांडायची. मी आरशात बघायचो. तोंडं हलताना दिसायची, आवाज इंजिनाचा. घरी जायचो तवा तुझी काकी झोपलेली, निघायचो तवा झोपलेली." त्यांनी मान वर करून त्या पांढऱ्या यंत्राकडे पाहिलं. "गारव्याचं काय, गारवा आंब्याखालीबी हाय. ह्याचं इंजिन बाहेर होतं म्हणून घेतला."

मी चप्पल काढून त्यांच्या चपलेशेजारी ठेवली, दार लावून घेतलं आणि पहिल्या रांगेतल्या पहिल्या खुर्चीवर बसले.

तात्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. हात मांड्यांवर ठेवले.

"बोल कायतरी," ते म्हणाले. "गाडी चालू हाय."