अजहर मुल्लाचे हार्दिक अभिनंदन

कुंडलच्या अजहर मुल्लाला पलूसच्या एका कारखान्याने लेथ मशीन शिकायला घेतले, ही बातमी तो एसटीतून उतरायच्या आधीच गावात पोचली होती. आमच्या मंडळाने तातडीची बैठक बोलावली. विषय क्रमांक एक, फ्लेक्स. विषय क्रमांक दोन नव्हता.

सकाळी चौकात फ्लेक्स झळकला : ‘अभियंतापदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ अजहर धावतच आमचे अध्यक्ष नाथाजीराव यांच्याकडे आला.

“आवं दादा, नोकरी कुठं लागलीय? नुसतं शिकायला घेतलंय. महिन्याच्या शेवटी एकट्यानं मशीन चालवून दावायचं. जमलं तर ठेवणार, न्हाईतर घरी.”

“तेवढं फ्लेक्सवर मावत न्हाई गड्या,” नाथाजीराव म्हणाले. खरंच मावत नव्हते. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते ना!

मग रीतीप्रमाणे सत्कार सुरू झाले. तालीम, पतसंस्था, भजनी मंडळ, शाळा. कार्यक्रम सकाळी दहाचा, पाहुणे येणार बाराला. कामावर जायचे कधी? पोरगा बिचारा रोज रजा टाकू लागला. घरात शालींचा ढीग साठला. त्याची आई रहिमतबी हात जोडून म्हणायची, “लेकरा, आज तरी कामाला जा रं!”

शाळेत त्याला ‘कौशल्य कसे कमवावे’ यावर बोलायला लावले. तो खरे तेच बोलला. “मला अजून मशीन चालू कराय येत न्हाई.” काय तो विनय! टाळ्या थांबेनात. पुढे पुढे मात्र तो झकास बोलू लागला.

शेवटी कारखान्याचे फोरमन कोंडीबा यांचा फोन आला. “शनिवारी परीक्षा हाय. आला न्हाईस तर परत येऊ नगंस.” शनिवारी तर शेजारच्या कडेगाव तालुक्यातर्फे सत्कार! मंडळाने मार्ग काढला. कोंडीबांनाच प्रमुख पाहुणे केले. ते आले तेव्हा लय तापलेले होते. फेटा बांधल्यावर निवले. मग ‘वेळेचे महत्त्व’ या विषयावर बोलत बोलत त्यांनी सगळ्यांची दुपारची जेवणे चुकवली.

परीक्षा सोमवारवर गेली. अजहर मशीनसमोर उभा राहिला. बटण कुठले, आठवेना. अखेर त्याने घसा साफ केला आणि म्हणाला, “व्यासपीठावरील मान्यवर...”

कोंडीबांनी त्याला घरी पाठवले.

तो चौकात आला तो रडकुंडीला येऊनच. “माझी भाकरी घालवलीसा तुमी! आता तरी तो फ्लेक्स उतरवा.”

आम्ही लगेच उतरवला. मंडळ काही निर्दय नाही. त्या जागी ‘पलूस येथील यशस्वी कारकीर्दीबद्दल’ असा नवा लावला.

दुसऱ्या दिवसापासून अजहर गावात नाही. रहिमतबीला विचारले, तर म्हणाली, “सांगणार न्हाई. जीव गेला तरी सांगणार न्हाई.” पण मंडळाने शोध लावलाच. पोरगा सांगलीत एका वर्कशॉपमध्ये गुपचूप काम शिकतोय आणि मशीन छान चालवतोय म्हणे. आम्हाला इतका आनंद झाला की फ्लेक्स कालच छापायला टाकला. उद्या वर्कशॉपच्या दारातच लावतोय.

आता तुम्ही हसताय, हसा. पण खाली शुभेच्छुकांत फोटो तुमचाही आहे. मागच्या वेळी तुमचाच फोन आला होता ना, आपला फोटो एवढा बारीक का म्हणून? या खेपेला मोठा घेतलाय.