परत आलेला शुक्रवार

जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीचं नेटवर्क आपल्या बोटांवर नाचतं, असं नरहर छातीठोकपणे सांगायचा. समोरच्या टेबलावरच्या उमाशी बोलायची वेळ आली, की मात्र तोंडाला कुलूप! तिला मागणी घालायची घालायची म्हणता दोन वर्षं गेली होती.

२००३ सालचा तो सोमवार. नेटवर्कची नवी यंत्रं तपासायची होती आणि बेत झकास होता. शुक्रवारी ऑफिसच्या तारांतून जे जे गेलं, ते सगळं टिपायला सर्व्हरला बसवून स्वारी दुपारीच भोकरदनला गेली होती. आता काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, की तो शुक्रवार जसाच्या तसा नव्या यंत्रांतून धावणार! त्यानं ओळ टाइप केली. त्याआधी ऑफिसच्या कॉम्प्युटरांकडे जाणारी वायर काढायची, तेवढी राहिली.

पाचव्या मिनिटाला सगळ्यांच्या पडद्यांवर निरोप उमटला, 'कँटीनमध्ये गरम भजी आली आहेत.' अख्खा विक्री विभाग उठला. कँटीनवाला पुंजाराम रिकामी कढई दाखवत म्हणाला, "भजी शुक्रवारीच सरली की. आज कोन सांगून राह्यलं तुम्हाला?"

मग 'साहेब राउंडला निघालेत' आलं, तशी मंडळी पळत परत. साहेब, म्हणजे काकासाहेब, आपल्या खोलीत तोच निरोप वाचत होते. "मी निघालोय?" म्हणत ते बिचारे राउंडला निघाले.

हे थांबवायला हवं, हे नरहरला कळत होतं. पण सरलेला दिवस पुन्हा चालताना बघून त्याला गोड गुंगी आली होती. तेवढ्यात त्याच्याच पडद्यावर उमटलं, 'नरहर, घरचे एका स्थळाला होकार द्यायचं म्हणून राह्यलेत. तुमच्या मनात काही असेल तर कँटीनमध्ये या. वाट बघते. उमा.'

तो तरंगतच खाली गेला. उमा खरंच बसली होती, पुढ्यात पेढ्यांचा डबा.

"माझ्या मनात आहे, उमा. दोन वर्षांपासून आहे."

उमानं डब्याचं झाकण उघडलं. "ते मी शुक्रवारी लिहिल्तं. सहापर्यंत इथंच बसल्ते. तुम्ही आला न्हाईत, मंग काल साखरपुडा झाला."

"मी भोकरदनला गेल्तो," तो पुटपुटला. शुक्रवारी मागाहून लाइट गेली होती, त्यात पडद्यावरचा निरोप पुसला गेला असणार. त्याला रडूच आलं असतं, पण उमानं हातावर पेढा ठेवला.

संध्याकाळी काकासाहेबांनी चाचणीचा अहवाल मागितला. नरहरनं लिहिलं, 'चाचणी यशस्वी. एकही निरोप हरवला नाही. सर्व निरोप वेळेवर पोहोचले.' मग त्यातला 'वेळेवर' तेवढा खोडला.