दांड्यांचे ब्रेक

एल्मर लिंडक्विस्टची रक्षा कबरस्तानापर्यंत त्याच्याच छत्तीस सालच्या गाडीतून न्यायची, हे ठरलं होतं. गाडी चालवणार कोण, एवढाच प्रश्न होता. मुलगा कर्टिस म्हणाला, "मी हात लावणार नाही. त्या गाडीला जायचं कळतं, थांबायचं कळत नाही." तेव्हा एल्मरच्या बायकोनं, इर्मानं, वेंडेल क्राउसकडे पाहिलं आणि वेंडेलला मान हलवावी लागली.

वेंडेल हा एल्मरचा जिवलग मित्र आणि कट्टर विरोधक. दोघांच्याही गाड्या जुन्या. पण वेंडेलच्या गाडीला तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, आणि एल्मरच्या गाडीला पायापासून चाकापर्यंत नुसत्या लोखंडी दांड्या. एवढ्यावरून दोघं जन्मभर भांडले. "तुझी गाडी थांबते रे, पण आधी अर्ज करावा लागतो," वेंडेल म्हणायचा. "तेल गळतं. लोखंड गळलेलं पाहिलंयस कधी?" एल्मर विचारायचा. इस्पितळातसुद्धा त्यानं सगळ्यांना एवढंच बजावलं, "मी गेल्यावर माझ्या गाडीत तेल घालू देऊ नका." बाप गेल्यावर कर्टिसनं पहिला फोन पाद्रीबाईंना केला आणि दुसरा गॅरेजला.

अंत्ययात्रा निघाली. पुढे वेंडेल, शेजारी इर्मा, तिच्या मांडीवर रक्षेची पेटी. मागे कर्टिस, आणि त्याच्यामागे दिवे लावलेल्या गाड्यांतून उरलेलं गाव. टेकडीच्या उतारावर कबरस्तानाचं फाटक दिसलं, तसा वेंडेलनं सवयीनं ब्रेकवर पाय नुसता टेकवला. त्याच्या गाडीला तेवढं पुरायचं. एल्मर मात्र थांबायची जागा यायच्या बरंच आधी ब्रेकवर अंग टाकायचा. फाटकाशी उभ्या असलेल्या पाद्रीबाईंनी स्वागताला हात वर केला आणि गाडी त्यांच्यासमोरून शांतपणे पुढे गेली.

"वेंडेल, फाटक गेलं," इर्मा म्हणाली.

"पाहिलं मी."

"मग?"

"मग काय? थांबवतोय."

तोवर तो दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला होता आणि त्याची टोपी छताला टेकली होती. गाडी डावीकडे ओढत होती. अंत्ययात्रेत पुढच्या गाडीमागे जायचं असतं, कारण विचारायचं नसतं. त्यामुळे सगळं गाव मागोमाग टेकडी उतरलं. खाली सपाटीला आईस्क्रीमचं दुकान होतं. त्याच्या अंगणातल्या खडीत एल्मरची गाडी एकदाची थांबली. आईस्क्रीमसाठी रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी टोप्या काढल्या.

"शेवटचं इथं आणायचं ठरवलं असणार. किती आवडायचं त्याला," कुणाची तरी बायको म्हणाली आणि रडू लागली. नवऱ्यानं तिला व्हॅनिला आणून दिलं. मग सगळ्यांनीच घेतलं, कारण न घेणं बरं दिसेना. पाद्रीबाई धापा टाकत टेकडी उतरून आल्या, तेव्हा त्यांच्याही हातात कुणीतरी कोन दिला.

कर्टिस गाडीच्या खिडकीशी आला. "ब्रेक लागले नाहीत ना, वेंडेलकाका? तुम्हीच बरोबर होता. एकदा सगळ्यांसमोर सांगून टाका, म्हणजे आईपण ऐकेल. सोमवारी तेलाचे ब्रेक बसवून घेतो."

या दिवसाची वेंडेलनं आयुष्यभर वाट पाहिली होती. पुरावा होता, साक्षीला अख्खं गाव होतं. पण ज्याला हे ऐकवायचं तो इर्माच्या मांडीवर पेटीत होता, आणि त्याच्यावाचून या जिंकण्याचं करायचं काय, ते वेंडेलला कळेना. त्याला फार एकटं वाटलं.

"ब्रेक उत्तम आहेत," तो म्हणाला. "मीच दाबले नाहीत."

"दाबले नाहीत? का?"

"मला त्याला एवढ्यात सोडवेना."

सांगायला गेला थाप, आणि डोळ्यांतून खरंच पाणी आलं. बाप गेल्यापासून एकदाही न रडलेला कर्टिसही मग खिडकीला धरून रडला. "राहू देत मग," तो म्हणाला. "आहेत तेच राहू देत." आणि तो आपल्या गाडीकडे गेला.

इर्मा बराच वेळ पेटीवरून हात फिरवत होती.

"खोटारड्या," ती हळूच म्हणाली. "दोन्ही पायांनी उभा होतास तू."

"एल्मरला सांगू नकोस," वेंडेल म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली.