स्नेहलताबाईंची इंग्रजी शिकवणी

बायकोला इंग्रजी शिकवायचं, असं नीळकंठरावांनी एका रविवारी चहाचा दुसरा कप रिचवता रिचवता ठरवलं. (निवृत्त हेडक्लार्कच्या हातून घडणारे बहुतेक अपघात दुसऱ्या कपाच्या वेळीच ठरतात.)

कारण तसं गंभीर होतं. लेक भार्गवी मेलबर्नला, तिचे दिवस भरत आलेले, जावयांनी तिकीट काढून पाठवलेलं, आणि स्नेहलताबाई ऐन वेळी अडून बसल्या होत्या.

"मी नाई जात. तिथी समदं इंग्रजी. शेजारीण म्हणीन भाजी कशी केली, तं मी काय हातवारे करू?"

खरं कारण मेहकरातल्या त्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नीळकंठरावांना साधा चहा करता येत नसे. बाई एकदा भावाकडच्या लग्नाला खामगावला गेल्या, तर हे गृहस्थ टोस्टवर राहिले आणि बाई परतल्या तेव्हा सलाईनवर सापडले. खानावळीचं तिखट डॉक्टरांनी बंद केलेलं. पुरुषानं चुलीपाशी जायचं नाही ही घराण्याची रीत. असा माणूस मागे ठेवून बाई तीन महिने जाणार कशा? आणि न जावं तर पहिलटकरीण लेकीजवळ कोण?

पण स्वतःत खोट दिसण्याची नीळकंठरावांना सवय नव्हती. त्यांना दिसली ती इंग्रजीची अडचण. उभी हयात त्यांनी साहेबांची इंग्रजी पत्रं लिहिली होती. स्वयंपाकाचं इंग्रजी ते काय, चार शब्द.

पहिल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराबाहेर खुर्ची टाकली आणि घसा खाकरला.

"चॉप. चॉप म्हणजे बारीक चिरणे."

"बारीक मंजे किती बारीक?" बाईंनी विळी सरकवली. "करून दाखवा ना. कानानं ऐकलेलं माह्या ध्यानात राहत नाई."

शिक्षकाला नाही कसं म्हणता येईल? नीळकंठराव खुर्ची सोडून आत गेले आणि कांदा चिरू लागले. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "आन् याच्याहून बारीक केलं तं काय म्हणतात?" याच्याहून बारीकलाही इंग्रजीत शब्द होता. तोही त्यांना करून दाखवावा लागला.

दुसऱ्या दिवशी 'सिमर'. नीळकंठरावांनी व्याख्या बांधली, की सिमर म्हणजे प्रकरण मंद आचेवर प्रलंबित ठेवणे. प्रलंबित ठेवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. "मंग ठेवा बरं वरण," असं म्हणून बाई शेजारच्या पुष्पाबाईंकडे वाती वळायला गेल्या. परत आल्या तेव्हा नीळकंठराव पळी हातात घेऊन वरणावर पहारा देत होते. बाईंनी बोटावर घेऊन चाखलं. "मीठ कमी पडलं. आता बोला, काय म्हणतात याले?"

आणि गंमत म्हणजे, शिकवलेलं सगळं संध्याकाळपर्यंत बाई विसरत. मग पुन्हा चॉप, पुन्हा सिमर, पुन्हा सगळं करून दाखवणं. पुष्पाबाईंचे यजमान रामराव, त्यांच्यापाशी नीळकंठरावांनी मन मोकळं केलं. "बुद्धी जरा मंद आहे हो, पण चिकाटी पाहा. या वयात शिकते आहे. मले तं कौतुक वाटते तिचं." रामराव मिशीतल्या मिशीत हसले. (नीळकंठरावांना वाटलं, हेवा.)

फोडणीच्या दिवशी मात्र शिकवणी गल्लीत पोचली. फोडणीला इंग्रजीत 'टेम्परिंग' का म्हणतात, हे नीळकंठराव मोबाइलवरून मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि कढईतलं तेल इकडे धुमसत होतं. वाचन संपल्यावर त्यांनी मोहरी आणि लाल मिरच्या वाटीभर एकदम सोडल्या. अख्खी गल्ली खोकू लागली. आग लागली समजून रामराव बादली घेऊन धावले आणि धुरात दिसलेल्या पहिल्याच वस्तूवर त्यांनी ती रिकामी केली. ती वस्तू म्हणजे नीळकंठराव. नेमका भार्गवीचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, हे काय? आई कुठी आहे?"

"आई शिकून राह्यली," निथळत नीळकंठराव म्हणाले. आई नाकाला पदर लावून खिडकीपाशी उभी होती आणि फार लक्ष देऊन शिकत होती.

शेवटी आली भाकर. 'थापणे'ला नेमका शब्द मोबाइलवर काही सापडेना. बाई म्हणाल्या, "शब्द सापडेपावतर थापत राहा." ज्वारीचं पीठ कोपरापर्यंत चढलं. पहिल्या भाकरीचे तुकडे झाले, दुसरी परातीलाच चिकटली. आठवडाभर नीळकंठराव शब्द शोधत थापत राहिले, आणि एका सकाळी तव्यावरची भाकर टम्म फुगली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. त्या आत गेल्या आणि माळ्यावरची बॅग खाली काढली.

"गेली भीती इंग्रजीची," नीळकंठराव रामरावांना म्हणाले.

बाई मेलबर्नला पोचल्या. नात झाली. नात आणि लेक दोघी सुखरूप आहेत हे कळल्यावर नीळकंठरावांनी गल्लीत पेढे वाटले, आणि प्रत्येक पेढ्याबरोबर शिकवणीची हकिगतही वाटली. पुढे एकदा भाकरीच्या वेळेलाच व्हिडिओ कॉल लागला. बाईंच्या मांडीवर बाळ होतं.

"मंग? कामी येते का माझं इंग्रजी? चॉप, सिमर?"

"अजून तं एक शब्द नाई लागला," बाई बाळाला थोपटत म्हणाल्या. "शेजारीण अकोल्याची हाय. तुमी जेवता ना येळेवर?"

"जेवतो म्हणजे? आज पिठलं-भाकर आहे," असं म्हणता म्हणता नीळकंठराव थबकले. कांदा, वरण, फोडणी, भाकर. सगळ्या शिकवण्या त्यांच्या डोळ्यांपुढून ओळीनं गेल्या. "म्हणजे तुले सगळं पहिल्या दिवशीच समजलं होतं?"

"मले समजून काय उपयोग होता?" बाई हसल्या. "तुमाले यायला पायजे होतं."

बायको आपल्याहून हुशार आहे, हे नीळकंठरावांना संसारात प्रथमच पटत होतं आणि वाईट वाटण्याऐवजी छाती फुगत होती. हे तिला नीट, भारदस्त इंग्रजीत सांगावं म्हणून त्यांनी घसा खाकरला. मागे तव्यावरून धुराचा लोट उठला.

"फर्स्ट टर्न ऑफ द गॅस, डिअर," स्नेहलताबाई शांतपणे म्हणाल्या. "वुई कॅन डिस्कस द रेस्ट लेटर."

हे नीळकंठरावांनी शिकवलेलं नव्हतं.