दहापैकी दहा गुणांच्या गावावरील स्वारीची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न, श्रीशारदा प्रसन्न, आणि ज्या संकेतस्थळावर मुलखातील सर्व शाळांचे गुण घरबसल्या दिसतात तेही प्रसन्न असो. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरी, पाताळदेशी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहीत नाही. जेथे अंगणातील गवत चार बोटे वाढले तर पंचांचे पत्र येते, ते राज्य वाचणारांस उमगेल. तेथे राजश्री उन्मेषराव करमरकर, मूळ राहणार डोंबिवली, धंदा संगणकाचा, हे कुटुंब मुग्धाबाईसाहेब व कन्या रेवा, वय वर्षे सहा, यांसह एका लहानशा गावी सुखे नांदत होते. गावच्या शाळेस दहापैकी सहा गुण होते. शेजारी मारिसोल नामे समवयस्क मुलगी होती, आणि ती व रेवा मिळून दोन्ही अंगणांच्या कुंपणाखालून बोगदा खणीत होत्या, आणि काम निम्म्यावर आले होते. ऐशात भाद्रपद मासी मंडळाच्या गणपतीची आरती जाहली, आणि मग प्रसादाच्या रांगेत राजश्री बेंद्रे यांनी सहज विचारिले, "तुमच्या मुलीची शाळा कितीची?" उन्मेषराव म्हणाले, "सहाची."  बेंद्रे फक्त "अच्छा" म्हणाले आणि मोदक वाढून घेऊ लागले. ते अच्छा उन्मेषरावांच्या जिव्हारी लागले.

मग घरी येऊन खलबत जाहले आणि आसपासच्या बावीस गावांचे तक्ते मांडिले. बाईसाहेबांनी अर्ज केला, "अरे, ती इथे मजेत आहे." उन्मेषराव म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी. सहाच्या शाळेत मजाच होणार." मसलत तेथेच आटोपली. मग गाव पारखण्याची खास रीत ठरविली ती ऐशी की, शाळा सुटतेसमयी रस्त्यापलीकडे मोटार उभी करावी आणि बाहेर पडणाऱ्या मुलांत आपल्याकडची किती ते मोजावे. एकही नसेल तर मुलगी एकटी पडेल, सबब गाव बाद. वर्गामागे आठ-दहा असतील तर गणिताच्या स्पर्धेत तिचा निभाव लागणार नाही, सबब तेही बाद. वर्गामागे तीन असावी, आणि ती फार हुशार नसावी. या मोजणीपायी एके ठिकाणी शाळेच्या रखवालदाराने येऊन काच वाजविली, आणि महाराजांनी घर बघतो आहे ऐसे सांगून मोठ्या युक्तीने सुटका करून घेतली. अखेर आठ गुणांचे एक गाव नेमके तिनाचे भरले. घर दाखविणारी पॅट्रिशिया नामे दलालीण होती. ती म्हणाली, "काय योगायोग आहे बघा, या महिन्यात तुमच्याकडच्या अकरा जणांनी हेच गाव विचारलंय." महाराजांनी तिकडे लक्ष दिले नाही. कूच जाहले. बोगदा होता तेथेच राहिला, आणि नवीन गावी रेवा तीन दिवस रडली.

आठवे दिवशी उन्मेषराव प्रातःकाळी फिरावयास निघाले तो पुढच्याच वळणावर राजश्री बेंद्रे गवत कापताना दृष्टीस पडले. त्यांनीही मोजणी केली होती, आणि त्यांसही वर्गामागे तीनच भरले होते. ऐशी मोजणी करून चाळीस घराणी एकाच उन्हाळ्यात गावात उतरली, आणि वर्गामागे अकरा जाहले. उन्मेषराव संतापून म्हणाले, "आपले लोक कुठे सुखाने राहू देत नाहीत." बेंद्रेही आपले घरी नेमके हेच म्हणाले ऐसे ऐकिवात आहे. मग नऊ गुणांच्या तिसऱ्या गावी कूच जाहले, तेथे रेवा एक दिवस रडली. तेथेही तोच प्रकार जाहला, आणि मग शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, चौथे गाव हाती आले. त्याची शाळा दहापैकी दहा. या खेपेस रेवा मुळीच रडली नाही. उन्मेषराव बाईसाहेबांस म्हणाले, "बघ, किती समंजस झाली आपली पोर." बाईसाहेब भांडी लावीत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

तिसरे दिवशी दुपारी दारावरील घंटा वाजली. उन्मेषराव जिन्यात उभे राहून भिंतीवर तसबिरीसाठी खिळा ठोकीत होते. रेवेने दार उघडिले. बाहेर तिच्याच वयाची एक मुलगी सायकल धरून उभी होती. ती म्हणाली, "मी हॅना, दोन घरं सोडून राहते. खेळायला येतेस?" रेवा मोठ्या अदबीने म्हणाली, "थँक यू. पण आम्ही एक-दोन वर्षंच असतो. तू दुसरी कुणीतरी बघ, म्हणजे तुला नंतर त्रास नको." तिच्या स्वरात रुसवा नव्हता, रागही नव्हता. दुकान आज बंद आहे ऐसे सांगावे, तैसे तिने सांगितले. आणि दार हळूच लोटून घेतले.

उन्मेषरावांच्या हातातील हातोडी तशीच राहिली. पाच वर्षांत प्रथमच या वीराच्या मनात कोणत्याही शाळेचा कोणताही आकडा नव्हता. ते खाली आले आणि म्हणाले, "रेवा, आता आपण इथेच राहणार आहोत. कायमचं." रेवा त्यांजकडे बघून समजूत घातल्यासारखे हसली. म्हणाली, "बाबा, असू दे. तू मागच्या घरीपण हेच म्हणाला होतास." आणि आपले खोलीत पुस्तक वाचावयास गेली. बाईसाहेब स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सर्व ऐकिले होते.

येणेप्रमाणे पाच वर्षांत तीन गावे सर जाहली आणि सहाचे दहा जाहले. उन्मेषरावांनी कागदावर शपथ लिहिली की आता शाळा शून्यावर आली तरी येथून हलणे नाही, आणि तो कागद फ्रिजवर डकविला. कन्येने तो वाचिला आणि पाण्याची बाटली घेऊन फ्रिज लाविला. ती हॅना नामे मुलगी फिरून आली नाही. जैसे घडले तैसे लिहिले, याउपर आमच्याने लिहवत नाही.