विहीणबाईंची चौकावरील स्वारी

चौकातील समस्त खाणार मंडळी, बसून खाणारे, उभ्याने खाणारे, चालता चालता शर्टावर सांडीत जाणारे, आणि नुसता वास घेऊन सुस्कारा टाकून पुढे सरकणारे पथ्यकरी, या सर्वांचे हुजुरी बखरनविसाचा मुजरा. हुकूम जाहला की, मागील थंडीत कप्तानसाहेब आणि त्यांच्या विहीणबाई यांमध्ये नाश्त्याकारणे जो संग्राम जाहला त्याची हकीकत साद्यंत लिहावी. सबब की न्हावी एक सांगतो, कुलूपवाला दुसरेच सांगतो, आणि इस्त्रीवाली दोहोंची मोट बांधोन तिसरीच रचिते, जीमध्ये बंदूक देखील आहे. बंदूक नव्हती. सांडशी होती. तिचा मजकूर यथास्थळी येईल.

प्रथम मुलखाचे वर्तमान. चौक म्हणजे चार रस्ते एकमेकांस आडवे येऊन हुज्जत घालीत उभे राहतात ती जागा. तेथे मुलूखमुलूखचे लोक पोटामागे येऊन राहिले आणि येताना आपापली कढई घेऊन आले. एका कोपऱ्यास नूडलवाल्यांचे ठाणे, ज्यांची बोली फक्त त्यांचे कढईस समजे. समोर दोघे भट्टीवाले बंधू, जे एकमेकांशी शब्द बोलत नसत परंतु एकाच परातीत पीठ मळीत. पलीकडे बटाटे तळणारी बाई, जिचे राज्यात मिठाची कधी टंचाई पडली नाही. हे लोक एकमेकांच्या देवांविषयी व पुढाऱ्यांविषयी अवाक्षर काढीत नसत, परंतु एकमेकांच्या रश्श्याविषयी मात्र पोटातले सर्व ओठावर आणीत. आणि बसथांब्यालगत, दोन भिंतींच्या बेचक्यात, अंडी तळणारा पहिलवान. देहाने ऐसा की तो गाळ्यात शिरला म्हणजे गाळा भरला, आणि आवाज ऐसा बारीक की गिऱ्हाईकास वाटे आत कोणी चिमणी बोलते. तो दूरदेशीचा, आपली भाषा थोडी तोडून व दुसऱ्यांची सगळीच मोडून बोलत असे.

त्या गाळ्यासमोर भिंतीकडील स्टूल हे कप्तानसाहेबांचे तख्त. कप्तान म्हणजे जहाजाचे नव्हेत. उभी हयात शहराची बस हाकून निवृत्त जाहले होते. रोज सकाळी तख्तावर विराजमान होऊन, पाठ भिंतीस टेकोन, पावावर कडा करपविलेली दोन अंडी घेत आणि समोरून वळणाऱ्या प्रत्येक बसचा न्यायनिवाडा करीत. एखादा चालक वळण चुकला की खेदाने मान हलवीत, मग पहिलवानही हलवी, मग रांगेतील अनोळखी मनुष्यही हलवी. तेथे येणारा-जाणारा त्यांस कप्तान म्हणोन हाक देई. घरी मात्र त्यांस एकच बिरुद होते: "बाबा, जरा पाय वर घ्या." केर काढताना ते उच्चारिले जाई. त्यांचे कुटुंब देवाघरी गेलियास काही वर्षे लोटली होती. घरात पुत्र, जो लिफ्ट दुरुस्त करी, आणि सून, जी दातांच्या दवाखान्यात कामास होती. दोघेही चांगले, परंतु दोघेही घाईत.

ऐसे चालले असता सूनबाई दवाखान्याचे ओल्या फरशीवरून घसरली आणि मनगट मोडून घेतले. मग तिच्या मातोश्री, म्हणजे कप्तानांच्या विहीणबाई, बॅगा घेऊन कुमकेस आल्या. कुमक म्हणोन आल्या आणि दुसरे दिवशी किल्लेदार जाहल्या. स्वयंपाकघर एका दुपारी सर केले. डबे हलविले, झारे-पळ्यांच्या बदल्या केल्या, साखरेच्या जागी मिठाचे ठाणे बसविले. कप्तानांनी सवयीने हात घालून चहात मीठ ढवळिले आणि घोट घेतला, आणि विहिणीसमोर थुंकावे कैसे म्हणोन गिळिला. ही या युद्धातील पहिली चकमक. तीत आपले लोकांची शिकस्त जाहली.

मग विहीणबाईंचे फर्मान निघाले की, आजपासोन या घरात बाहेरचे अन्न बंद. बाहेरचे तेल कोणते हे कोणास ठाऊक, आणि बाहेरचे हात कोणते हे तर विचारूच नये. सकाळी सर्वांनी ओटची लापशी खावी. लापशी पौष्टिक होती. तीविषयी याहून अधिक लिहिण्यास बखरनवीस धजत नाही. कप्तानांनी पुत्राकडे पाहिले, पुत्राने लापशीकडे पाहिले, आणि जिन्यात गाठून हलक्या आवाजात विनविले की, बाबा, थोडे दिवस कळ काढा, तिचा हात बरा होऊ द्या. विहीण ती विहीण. तिला उलट बोलावे तर सोयरिकीस तडा, न बोलावे तर पोटात कावळे. कप्तान मूग गिळून बसले, आणि मुगांवर लापशी.

परंतु जो मनुष्य भर गर्दीत बस अंगुळभर जागेतून काढी, तो स्वयंपाकघरातून न निघे हे कैसे घडावे? त्यांणी मसलत केली. लापशी मुकाट्याने संपवावी, "पाय मोकळे करून येतो" ऐसे सांगोन निघावे, मैदानाकडे दोन पावले टाकोन दाखवावी, मग इस्त्रीवालीचे दुकानामागील बोळातून चौकात उतरावे. ऐसे काही दिवस गुप्तपणे चालले. एके दिवशी परत आले तो विहीणबाई दारातच उभ्या. त्यांणी हवा हुंगिली. कप्तानांच्या मिशांत करपलेल्या लोण्याचा वास दडी मारून बसला होता, तो एके दिवशी फितूर होणार हे त्यांणी ताडिले.

मिशी झुबकेदार, पिकलेली, तीमागे सारी नोकरी काढिली होती. कप्तान आरशासमोर बराच वेळ उभे राहिले. एका पारड्यात मिशी, दुसऱ्यात अंडी. मग न्हाव्याकडे गेले आणि हुकूम केला की उतरवा. न्हाव्याच्या हातातील कात्री थबकली. घरी कोणाचे काही वाईट तर जाहले नाही ना, ऐसे त्याणे भीत भीत पुसिले. कप्तान म्हणाले, राजकारण आहे. न्हाव्याने डोळे मिटून उतरविली.

घरी आले. पुत्राने पाहिले नाही, तो फोनवर होता. सुनेने पाहिले, परंतु काय बदलले ते तिला उमगेना, चष्मा नवा का म्हणोन पुसती जाहली. विहीणबाईंस मात्र एका नजरेत कळले, आणि कळले ते सर्वस्वी चुकीचे कळले. या वयाचा पुरुष रोज सकाळी नटून निघतो, खिडकीतून पाहावे तो बोळात शिरतो, परततो तो खुशीत, आणि आता मिशी काढून दहा वर्षांनी लहान होऊन येतो, त्याचा अर्थ काय? त्यांणी लेकीस स्वयंपाकघरात बोलाविले, नळ सोडिला की आवाज बाहेर न जावा, आणि सांगितले की तुझे सासरे कोणा बाईकडे जातात.

सुनेने पुत्रास वकील नेमिले. पुत्र बिचारा लिफ्टच्या तारा जोडणारा, त्यास मनाच्या तारांचे काम माहीत नव्हते. त्याणे वडिलांस गच्चीवर नेले आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीकडे पाहात बोलिला.

"बाबा, तुमच्या आयुष्यात कोणी... म्हणजे असेल तर असू दे. आमची काही हरकत नाही. पण रोज कुठं जाता ते एकदा सांगा."

कप्तानांस वाटले, बिंग फुटले, पोराला अंड्यांचे कळले. त्यांचे मन हलके जाहले. म्हणाले, "आता तुला माहीतच आहे तर काय लपवू. जातो. तू शाळेत होतास तेव्हापासून जातोय."

पुत्राने दोरी धरिली. "आणि आईला माहीत होतं?"

"माहीत म्हणजे? तिला घेऊन जायचो की रविवारी. तिला फार आवडायचं."

पुत्र खाली आला तो रंग उडालेला. बायकोस काय सांगावे हे त्यास सुचेना, तेव्हा जे ऐकिले तेच सांगितले. विहीणबाई, ज्या त्या समयी दुधाचे पातेले उतरवीत होत्या, त्यांणी पातेले ठेविले, परंतु सांडशी हातातच राहिली, आणि तैसीच चपला घालून दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता निघत होत्या, तो लेकीने अडविले की आता संध्याकाळ आहे, ते जातात सकाळी, आणि कोठे जातात ते तरी आधी कळू दे. कोठे हे कोणासच ठाऊक नव्हते. सबब स्वारी सकाळवर पडिली, आणि सकाळी विहीणबाईंनी शकुन म्हणोन तीच सांडशी पुनः हाती घेतली.

कप्तान पुढे, मागे नजर चुकवीत विहीणबाई. बोळ ओलांडिला, चौक आला. कप्तान तख्तावर बसले, पाठ टेकिली, आणि पहिलवानाने तव्यावर अंडी फोडिली. तोच समोरून सांडशी उगारलेली मूर्ती रस्ता चिरीत आली. एका बसने तिच्यासाठी ब्रेक मारिला. नूडलवाले बाहेर आले. भट्टीवाले बंधू चकित होऊन एकमेकांशी बोलिले, ही गोष्ट लोक अद्याप सांगतात. विहीणबाईंनी गाळ्यात डोकावून, पहिलवानाचे बगलेखालून, मागील बाजूस कोणी स्त्री आहे की काय ऐसा कसून शोध घेतला. आत अंड्यांचे ट्रे, कांद्याची गोण आणि एक पंखा.

"कुठं आहे ती?"

"कोण ती?" कप्तानांच्या हाती पाव होता.

मग उलगडा जाहला. तो होईतो पाव गार जाहला. विहीणबाईंनी सांडशी खाली केली आणि बसथांब्यावरील लोकांनाही ऐकू जाईल ऐसे म्हणाल्या, "दोन अंडी? व्याही, दोन अंड्यांसाठी तुम्ही मिशी काढलीत?"

चौकात हशा पिकला. कप्तानांचा चेहरा, ज्यास आता मिशीचा आडोसा नव्हता, उघडा पडिला. ते उठिले नाहीत. पावाकडे पाहात, हळू आवाजात बोलिले.

"अंड्यांसाठी नाही हो. घरात माझी अडचण होते सगळ्यांना. इथं मी एक दिवस आलो नाही तर हा माणूस दोनदा थांब्यापर्यंत जाऊन बघून येतो."

हशा थांबला. विहीणबाईंचा आवाज आता निराळाच निघाला. "आणि माझी लापशी तुम्ही खाता आणि वर हे खाता. म्हणजे माझं रांधणं फुकटच गेलं ना? तिचा हात बरा झाला की मी परत जाणार. तिथं एकटीपुरतं करायचं म्हटलं की गॅस पेटवायचाही कंटाळा येतो. इथं चार ताटं वाढायची म्हणून पहाटे उठते मी."

वळणावर एक बस फारच वाईट वळली, तरी त्यांणी मान हलविली नाही.

पहिलवानास या संभाषणातील फारसे काही समजले नव्हते. परंतु त्याच्या मुलखाचा कायदा ऐसा दिसतो की जो चढ्या आवाजात बोलतो तो भुकेला असतो. त्याणे नवी दोन अंडी फोडिली, कडा करपविल्या, पावावर घातली आणि बशी विहीणबाईंपुढे सरकविली. आता बशी घ्यावी तर आपलेच फर्मान मोडते, न घ्यावी तर परमुलखीच्या माणसाचा अपमान होतो. त्यांणी सांडशी कप्तानांच्या हाती दिली, जैसी रणातील वीराने शरण येताना तलवार द्यावी, आणि एक घास खाल्ला. सारा चौक जबड्याकडे पाहात उभा. दुसरा घास खाल्ला. मग निकाल सांगितला.

"मीठ कमी आहे. आणि कडा करपल्यात."

"करपवूनच घेतो मी," कप्तान म्हणाले.

"चूक नाही म्हटलं. करपल्यात एवढंच म्हटलं." आणि तिसरा घास घेतला.

आता विहीणबाईंचे गुडघे उभे राहण्याजोगे नव्हते, आणि गाळ्यापुढे पाठ टेकण्याजोगे स्टूल एकच. कप्तानांनी ते पाहिले. त्यांच्या मनात काय उलथापालथ जाहली ते बखरनवीस जाणतो परंतु लिहीत नाही. ते उठिले, बशी उचलिली, आणि रस्त्याकडील डुगडुगत्या स्टुलावर जाऊन बसिले, जेथून बसचे वळण दिसत नाही, फक्त मागचा धूर दिसतो. विहीणबाई तख्तावर बसल्या आणि पाठ टेकोन हुश्श म्हणाल्या.

तेथेच तह जाहला. सकाळचा मुलूख पहिलवानाचा, रात्रीचा विहीणबाईंचा. लापशी कायमची हद्दपार. रात्री कप्तानांनी पोट तुडुंब असले तरी एकदा वाढून मागावे, आणि मागताना घरातील सर्वांना ऐकू जाईल ऐसे मागावे. पुत्र व सून यांची त्यांच्या मनातील बाईविषयी समजूत घालण्याचे काम विहीणबाईंनी पत्करिले, आणि ते त्यांणी इतक्या तपशिलाने केले की पुत्र आठवडाभर वडिलांचे डोळ्यांस डोळा देईना. मग एका रविवारी तोही येऊन रांगेत उभा राहिला.

सूनबाईंचे मनगट सुधारिले. प्लास्टर निघाले. विहीणबाईंनी बॅगा काढिल्या, झटकिल्या, आणि पुनः कपाटावर ठेविल्या, आणि त्याविषयी घरात कोणी काही विचारिले नाही.

त्यानंतरचे एके सकाळी ऐसे घडले की रांग मोठी होती, विहीणबाईंस यावयास उशीर जाहला, आणि त्या बोळाच्या तोंडाशी दिसताच पहिलवानाने आपले बारीक आवाजात, सर्वांच्या डोक्यांवरून, त्यांस एक हाक मारिली. शब्द त्याच्या भाषेतला. रांगेने वाट दिली. विहीणबाई येऊन बसल्या आणि कप्तानांस हळूच पुसिले की हा मला काय म्हणाला. कप्तानांस त्या भाषेतील मीठ, पाव आणि नमस्कार याखेरीज काही येत नव्हते. त्यांणी क्षणभर विचार केला.

"जनरल म्हणाला."

विहीणबाईंनी चष्मा सारखा केला, तव्याकडे नजर टाकिली आणि म्हणाल्या, "मग त्याला सांगा, मीठ आजही कमी आहे."

सारांश, कप्तानसाहेबांची मिशी गेली, तख्त गेले, रात्रीचे जेवण दुप्पट जाहले, आणि अंडी राखिली. चौकाच्या दप्तरी ही कप्तानांची फत्ते म्हणोन दाखल केली असे. विहीणबाईंचे म्हणणे वेगळे आहे, परंतु त्या तूर्त खात आहेत, सबब त्यांस विचारिले नाही.