घंटा की भंगार

पुएर्तो आमार्गोच्या जकात कचेरीत एवारिस्तो किरोगांसमोर एक घंटा ठेवली होती, आणि टेबलावरच्या कागदात तिला ‘तांब्याचे भंगार’ म्हटलं होतं. जकातीत एकतीस वर्षं काढलेला माणूस यातलं काय खरं मानणार, हे सांगायला नको.

"जकातीच्या यादीत चौऱ्याहत्तर शून्य चार, भंगार," ते म्हणाले. "आणि भंगार तुकडे केल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही, बाई."

"अहो साहेब, तडा गेला होता म्हणून परदेशी पाठवताना तसं लिहिलं. आता नव्यानं ओतून आणलीय," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या. पलीकडच्या बेटावरच्या चर्चचं सगळं त्याच बघत. "दोन वर्षं आम्ही घंटेविना माणसं पुरतोय. माझी आईसुद्धा तशीच गेली, मुकाट."

"वाईट झालं. पण त्र्याऐंशी शून्य सहामध्ये, म्हणजे घंटांच्या कलमात बसायचं तर घंटा वाजायला हवी. लोलक कुठाय?"

"तो चर्चमध्येच राहिला."

"मग झालंच की."

"वाजवून तर बघा, साहेब," शेजारच्या टेबलावरून ओफेलिया म्हणाली. सहा वर्षं ती त्यांची मदतनीस होती आणि तिचं एकही म्हणणं त्यांनी कधी मानलं नव्हतं. त्या दिवशी काय बुद्धी झाली कोण जाणे. तुकडे करायला आणलेला घण त्यांनी उचलला आणि तीन ठोके दिले, सावकाश, मध्ये कान देत.

आवाज सगळ्या बंदरावर गेला.

"आवाज रिकाम्या पिंपाचाही येतो," म्हणत ते उठले. "जेवून आलो की तोडायचा हुकूम लिहितो."

त्या किनाऱ्यावर घंटेचे दोन ठोके म्हणजे बाई गेली आणि तीन म्हणजे पुरुष. एवारिस्तोंनाही ते ठाऊक होतं, पण कामावर असताना त्यांना जकातीबाहेरचं काही आठवत नसे. पाच मिनिटांत फाटकाशी माणसं जमली.

"कोण गेलं?"

"एवारिस्तोसाहेब," पहारेकरी म्हणाला. "आत्ताच गेले."

"अरेरे. कसे गेले?"

"नेहमीसारखेच. कुणाशी न बोलता."

शिंपल्यांचा रस्सा ओरपून, डुलकी काढून एवारिस्तो परतले, तेव्हा त्यांच्या खुर्चीला काळी फीत होती, टेबलावर पुष्पचक्र होतं आणि कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांना पाहून दोघातिघांनी क्रूसाची खूण केली. बाकीचे हिरमुसून घरी निघाले. एवारिस्तोंनी प्रत्येकाकडे नीट पाहिलं. डोळे कुणाचेच ओले नव्हते. त्यांना फार वाईट वाटलं.

"घंटा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"होडीत चढली," ओफेलिया म्हणाली. "कुणीतरी राजधानीला फोन केला. तिकडून तुमचा कार्यभार माझ्याकडे आला, साहेब. तुमच्या पश्चात. मग घंटा सोडायचा हुकूम मीच लिहिला."

"मी तुझा हुकूम रद्द करीन."

"करा की. फक्त कारण लिहावं लागेल."

त्यांनी हुकूम वाचला. चूक शोधत पुन्हा वाचला. ‘सदर वस्तूस तीन ठोके दिले असता संपूर्ण गाव मयतीस हजर झाले. सबब वस्तू घंटाच आहे. त्र्याऐंशी शून्य सहा.’

फीत न सोडताच ते खुर्चीत बसले, पुष्पचक्र थोडं बाजूला सारलं आणि खाली लिहिलं, ‘बरोबर आहे.’